जाहीर सुनावणीत आपले म्हणणे नोंदले जावे म्हणून : बेळगाव परिसरातील रहिवाशांसाठी मार्गदर्शन

रस्ता रुंद होणार, नाल्याची भिंत बांधली जाणार, बाजार हलवला जाणार किंवा शहराच्या कडेला कचरा प्रकल्प येणार, ही बातमी बेळगावच्या गल्लीत बहुतेक वेळा निविदा निघाल्यावर किंवा थेट जेसीबी दारात उभा राहिल्यावरच पोहोचते. त्यानंतर निवेदने दिली जातात, मोर्चा निघतो, अधिकाऱ्यांना घेराव घातला जातो, आणि उत्तर एकच मिळते, की हरकतींची मुदत केव्हाच संपली. हे उत्तर अनेकदा कागदोपत्री खरे असते, आणि म्हणूनच ते अधिक बोचते. माझे ठाम मत असे आहे की सुनावणीचे फलित बहुतांशी त्या दिवसाआधीच्या तीन-चार आठवड्यांतील कामावर ठरते, आणि ते काम कोणतेही पद नसताना, गल्लीतील दहा-पंधरा जाणत्या माणसांना नीट करता येते. ते कसे करावे, हे पुढे सविस्तर मांडले आहे.

निर्णय कोणाच्या हाती आहे, ते आधी शोधा

आपल्याकडील सर्वांत मोठी चूक म्हणजे योग्य म्हणणे चुकीच्या कार्यालयात मांडणे. बेळगाव महानगरपालिकेचे ५८ प्रभाग आहेत आणि तिचा कारभार कर्नाटक महानगरपालिका अधिनियम १९७६ नुसार चालतो. निपाणी किंवा गोकाक येथील नगरपालिका आणि खानापूरची पट्टण पंचायत यांना मात्र १९६४ चा नगरपालिका अधिनियम लागू होतो. कॅम्पात राहणाऱ्यांचा रस्ता, गटार आणि कर हा कॅन्टोन्मेंट बोर्डाचा विषय आहे, तेथे नगरसेवकाला भेटून उपयोग नाही. नवीन वसाहतीचा आराखडा किंवा जमिनीच्या वापरातील बदल यांचा संबंध बेळगाव नगरविकास प्राधिकरणाशी, म्हणजेच ‘बुडा’शी येतो. वीजदर हेस्कॉम ही वीजपुरवठा कंपनी मागते, पण ठरवतो तो कर्नाटक वीज नियामक आयोग. हिंडलग्यासारख्या शहराला खेटून असलेल्या ग्रामपंचायतींच्या गावांत ग्रामसभा हेच पहिले व्यासपीठ आहे. राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन जाणार असेल, तर अधिसूचनेत नेमलेल्या सक्षम अधिकाऱ्याकडेच हरकत दाखल व्हावी लागते; खासदार, आमदार किंवा पालकमंत्री यांना दिलेले निवेदन कितीही सह्यांचे असले तरी ते कायद्याच्या दृष्टीने हरकत ठरत नाही.

महापालिकेच्या आतही विषय कोणत्या दारातून पुढे सरकतो, ते माहीत असले पाहिजे. कर व अर्थ, आरोग्य व शिक्षण, नगररचना व सुधारणा आणि लेखा अशा चार स्थायी समित्या असतात, आणि बरेचसे विषय सर्वसाधारण सभेपुढे येण्याआधी त्यांच्यापुढे येतात. आपल्या प्रश्नाची समिती कोणती आणि तिचे अध्यक्ष कोण, हे शोधून त्यांनाही हरकतीची प्रत द्यावी, कारण सर्वसाधारण सभेत पन्नास विषयांच्या गर्दीत जे वाचले जात नाही, ते समितीत वाचले जाण्याची शक्यता अधिक असते.

सुनावणी हक्काची कोठे, आणि मागून घ्यावी लागते ती कोठे

सर्वांत तपशीलवार नियम पर्यावरणीय सुनावणीचे आहेत. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यमापन अधिसूचनेनुसार ही सुनावणी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने घ्यायची असते आणि तिच्या अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा अतिरिक्त जिल्हादंडाधिकाऱ्यापेक्षा खालच्या दर्जाचा नसलेला त्यांचा प्रतिनिधी असावा लागतो. एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक भाषेतील वृत्तपत्रात सूचना द्यावी लागते, लोकांना किमान ३० दिवस मिळाले पाहिजेत, प्रकल्प अहवालाचा सारांश जिल्हाधिकारी कार्यालयात आणि स्थानिक संस्थेच्या कार्यालयात पाहण्यास ठेवला पाहिजे, सुनावणी प्रकल्पस्थळी किंवा त्याच्या अगदी जवळ झाली पाहिजे आणि संपूर्ण कामकाजाचे चित्रीकरण झाले पाहिजे. आपल्या जिल्ह्यात साखर कारखान्यांच्या विस्ताराच्या निमित्ताने अशा सुनावण्या होतात. सामायिक घनकचरा प्रकल्पही याच यादीत मोडतो. मात्र शहरातील मोठ्या इमारती आणि वसाहतींच्या प्रकल्पांना याच अधिसूचनेने जाहीर सुनावणीतून वगळले आहे, हे अनेकांना ठाऊक नसते आणि ते वाट पाहत बसतात.

भूसंपादनात मुदती फार कडक असतात. राष्ट्रीय महामार्ग अधिनियम १९५६ खाली अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून २१ दिवसांत, तर २०१३ च्या भूसंपादन कायद्याखाली प्राथमिक अधिसूचनेपासून ६० दिवसांत लेखी हरकत घ्यावी लागते, आणि हरकतदाराला स्वतः किंवा वकिलामार्फत म्हणणे मांडण्याची संधी देणे बंधनकारक असते. हलगा-मच्छे बायपासच्या निमित्ताने शहापूर, वडगाव, अनगोळच्या शिवारातील शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे न्यायालयाचे उंबरठे झिजवले. त्यांच्या लढ्यातून एक गोष्ट प्रत्येक जमीनधारकाने घ्यावी : सर्व्हे क्रमांक, क्षेत्र, पिके आणि हरकतीची तारीख यांचा कागद पहिल्या दिवसापासून स्वतःजवळ असला पाहिजे.

इतर काही ठिकाणीही हा हक्क दडलेला आहे. वीजदरवाढीच्या अर्जावर आयोगाने लोकांच्या सूचना आणि हरकती विचारात घेऊन १२० दिवसांत आदेश द्यावा, असे वीज अधिनियम २००३ सांगतो. कर्नाटक वृक्षसंरक्षण अधिनियम १९७६ नुसार ५० हून अधिक झाडे तोडायची असतील, तर जाहीर हरकती मागवाव्या लागतात. शहराच्या बृहत् आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध करून लोकांचे अभिप्राय घ्यावे लागतात. फेरीवाल्यांसाठीच्या २०१४ च्या कायद्याने नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य फेरीवाल्यांचेच असावेत, असे ठरवून दिले आहे; तेव्हा गणपत गल्ली किंवा खडेबाजारातील बैठ्या विक्रेत्यांना हलवण्याचा विचार असेल, तर तो विषय या समितीपुढे आला का, हा पहिला प्रश्न असला पाहिजे.

परंतु नाला, गटार, रस्ता, उद्यान, शौचालय, पार्किंग अशा रोजच्या जगण्यातील बहुसंख्य कामांसाठी कायदा सुनावणीची सक्ती करत नाही. तेथे सुनावणी मागून घ्यावी लागते, आणि ती मागण्याला घटनेचा आधार आहे. १ जून १९९३ पासून अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने ३ लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या असाव्यात, असे सांगितले. २०११ च्या जनगणनेत बेळगाव शहराची लोकसंख्या सुमारे ४ लाख ८८ हजार होती. कर्नाटकच्या कायद्यात नगरसेवकाच्या अध्यक्षतेखालील प्रभाग समितीवर दहा सदस्य नेमण्याची तरतूद असून त्यांत किमान तीन महिला, अनुसूचित जाती-जमातींचे दोन आणि रहिवासी संघटनांचे दोन प्रतिनिधी असावे लागतात. आपल्या प्रभागात अशी समिती स्थापन झाली आहे का, सदस्य कोण आहेत आणि शेवटची बैठक केव्हा झाली, हे महापालिकेला लेखी विचारावे. समिती असेल तर तिची बैठक हीच गल्लीची सुनावणी होऊ शकते. नसेल तर आयुक्तांना आणि नगरसेवकाला असे पत्र द्यावे की अमुक कामाचा आराखडा अंतिम होण्याआधी प्रभागात बैठक घेऊन अभियंत्यांनी तो लोकांपुढे मांडावा, लोकांच्या सूचना लिहून घ्याव्यात आणि कोणती सूचना का मान्य झाली किंवा झाली नाही, हे कळवावे. या पत्राला नकार देणे कोणत्याही नगरसेवकाला सहज परवडत नाही.

येथे एक फरक लक्षात ठेवावा. अधिकारी किंवा मंत्री लोकांच्या तक्रारी थेट ऐकतात, त्या जनता दर्शनसारख्या कार्यक्रमात तक्रार नोंदवता येते, बंद पडलेला पथदीप सुरू करून घेता येतो. परंतु घ्यायच्या निर्णयाबाबत सामूहिक म्हणणे मांडण्याची ती जागा नव्हे.

सूचना हाती कशी लागेल

जाहीर सूचना वृत्तपत्राच्या आतल्या पानावर, बारीक टायपात आणि बहुधा कन्नड किंवा इंग्रजीत येते. मराठी दैनिक वाचणाऱ्या घरात ती पोहोचत नाही, यात नवल नाही. यावर साधा उपाय असा की मंडळाने दोन व्यक्तींना हे काम नेमून द्यावे : एकाने रोज कन्नड आणि इंग्रजी वृत्तपत्रांतील जाहीर सूचना पाहाव्यात, दुसऱ्याने आठवड्यातून एकदा महापालिकेचा आणि जिल्हाधिकारी कार्यालयाचा सूचनाफलक पाहून यावा. आज जवळजवळ प्रत्येक गल्लीत कन्नड उत्तम वाचणारी, लिहिणारी कॉलेजची मुले-मुली आहेत. त्यांना हे काम द्यावे. मोठ्यांपेक्षा ती ते अधिक चोख करतात, असा माझा अनुभव आहे.

सूचना मिळताच तिच्यातून कायद्याचे कलम, प्रसिद्धीची तारीख, हरकतीची अंतिम तारीख, हरकत कोणाच्या नावे द्यायची आणि कागदपत्रे कोठे पाहता येतील, एवढे वेगळ्या कागदावर मोठ्या अक्षरांत उतरवून मंदिराच्या किंवा मंडळाच्या फलकावर लावावे. मुदत सूचना प्रसिद्ध झाल्यापासून मोजली जाते, आपण वाचली त्या दिवसापासून नव्हे, म्हणून अंतिम तारखेच्या आधी किमान चार दिवस आपली स्वतःची अंतिम तारीख ठरवावी.

कागदपत्रांसाठी आधी थेट पाहणीची विनंती करावी आणि मोबाइलवर छायाचित्रे घेण्याची परवानगी मागावी. माहिती अधिकाराचा अर्जही लगेच टाकावा, पण त्यावर पूर्ण भिस्त ठेवू नये, कारण उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते आणि तोवर हरकतीची मुदत संपलेली असू शकते. कर्नाटकात या अर्जाचे शुल्क १० रुपये असून अर्ज एकाच विषयावर आणि साधारणतः १५० शब्दांच्या आत असावा, असा राज्याचा नियम आहे. दोन-तीन विषय एका अर्जात कोंबले की तो परत येतो. महत्त्वाचे निर्णय जाहीर करताना त्यांच्याशी संबंधित तथ्ये प्रसिद्ध करणे आणि बाधित व्यक्तींना निर्णयाची कारणे सांगणे ही कार्यालयाचीच जबाबदारी असल्याचे माहिती अधिकार अधिनियम २००५ च्या कलम ४ मध्ये म्हटले आहे. अर्जात या कलमाचा उल्लेख अवश्य करावा.

भाषेची अडचण कशी ओलांडावी

हा प्रश्न आपल्या भागात टाळून चालणार नाही. महापालिकेचे कामकाज कन्नडमध्ये चालते, आराखड्यावरील टिपा कन्नड किंवा इंग्रजीत असतात, आणि जुन्या पिढीतील कित्येक मराठी माणसे सुनावणीला जाऊनही गप्प बसून परत येतात, कारण समोर काय बोलले गेले ते त्यांना पुरते कळलेले नसते. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० नुसार कोणत्याही व्यक्तीला आपल्या गाऱ्हाण्याचे निवेदन केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत कोणत्याही अधिकाऱ्याला देता येते. म्हणजे मराठीतील निवेदन केवळ मराठीत आहे म्हणून नाकारता येत नाही. शिवाय ज्या क्षेत्रात भाषिक अल्पसंख्याकांचे प्रमाण १५ टक्के किंवा अधिक आहे, तेथे महत्त्वाच्या सूचना आणि नियम त्यांच्या भाषेत उपलब्ध करावेत, असे भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणासाठी देशपातळीवर मान्य झालेले धोरण आहे.

हा हक्क सांगावाच; पण ज्या अभियंत्याने टिपणी लिहायची आहे, त्याला मराठी वाचता येत नसेल तर आपली हरकत फाइलमध्ये अडकून राहील, याचाही विचार करावा. म्हणून मूळ निवेदन मराठीत, आणि त्यासोबत एका पानाचा कन्नड गोषवारा, अशी जोडणी मला सर्वांत उपयोगी वाटते. सुनावणीपूर्वी किमान आठवडाभर आधी अध्यक्ष अधिकाऱ्यांना पत्र देऊन प्रकल्पाचा सारांश मराठीत मिळावा आणि सुनावणीत मराठीतून बोलता यावे, त्यासाठी दुभाषी असावा, अशी मागणी करावी. दुभाषी मिळाला नाही तर आपल्यातीलच एखादी व्यक्ती तयार ठेवावी, आणि आपण मागणी केली होती हे इतिवृत्तात नोंदवून घ्यावे.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे, हरकत केवळ मराठी भाषकांची असू नये. तुंबलेल्या नाल्याचे पाणी कन्नड, उर्दू किंवा मराठी घर पाहून आत शिरत नाही. एकाच निवेदनावर तिन्ही भाषांतील सह्या असल्या की विषय नागरी प्रश्नाचा राहतो, त्याला दुसरा रंग देता येत नाही, आणि अधिकाऱ्यालाही निर्णय घेणे सोपे जाते. शेजारच्या गल्लीतील कन्नड भाषक कुटुंबाला सुरुवातीच्या बैठकीलाच बोलवावे. निवेदन तयार झाल्यावर केवळ सहीपुरते त्यांच्या दारात जाऊ नये.

गल्लीची बैठक

सुनावणीपूर्वी गल्लीची स्वतःची बैठक झालीच पाहिजे. आपल्याकडे पंच मंडळी, सार्वजनिक गणेशोत्सव मंडळ, युवक मंडळ, महिला मंडळ अशी माणसे गोळा करणारी यंत्रणा आधीपासून आहे, ही सीमाभागाची मोठी ताकद आहे. पण या यंत्रणेतून काही माणसे नेहमी सुटतात, आणि निर्णयाचा फटका बहुधा त्यांनाच बसतो. भाडेकरूंना पंच ओळखत नाहीत. वडगाव-खासबागचे यंत्रमाग कामगार दुपारच्या बैठकीला येऊ शकत नाहीत. महिला बैठकीला आल्या तरी मागे बसतात आणि बोलत नाहीत. शेतीच्या हंगामात, भात लावणीच्या दिवसांत शिवारातील शेतकरी शहरातील सभेला येत नाही. म्हणून एकच मोठी सभा घेण्यापेक्षा दोन-तीन छोट्या बैठका घ्याव्यात : एक रात्री कामगारांच्या सोयीने, एक सकाळी अकराच्या सुमारास महिलांसाठी आणि तीही एखाद्या घराच्या पडवीत, कारण सभागृहापेक्षा तेथे बोलणे मोकळे होते.

शहराच्या सीमेबाहेरच्या माणसांनाही विसरू नये. तुरमुरीच्या कचरा डेपोत जाणारा कचरा आपल्या घरातून निघतो, पण वास आणि माश्या तेथील गावकऱ्यांच्या वाट्याला येतात. कचऱ्याच्या विषयावरील चर्चा त्यांच्याशिवाय करणे अन्यायाचे आहे.

बैठकीत मत विचारण्याआधी माहिती विचारावी. ‘तुम्हाला हे काम हवे की नको’ असे विचारले तर हात वर होतात आणि बैठक संपते. त्याऐवजी पाणी कोठपर्यंत चढते, कोणत्या महिन्यात, किती तास राहते, कोणत्या घरातले म्हातारे माणूस त्या वेळी बाहेर काढावे लागते, शाळेची मुले कोणत्या रस्त्याने जातात, असे प्रश्न विचारावेत. बळ्ळारी नाल्याच्या काठचे उदाहरण घेऊ, कारण पावसाळ्यात त्याचे पाणी शिवारात पसरणे ही दरवर्षीची कथा आहे. एखाद्या आजी सांगतात की पाणी ‘लई आलं होतं’. तेवढे लिहून भागत नाही. त्यांच्यासोबत घराच्या मागे जावे, भिंतीवर राहिलेली चिखलाची रेघ पाहावी, जमिनीपासून रेघेपर्यंत टेप धरावी, टेपसहित छायाचित्र घ्यावे आणि खाली घर क्रमांक व तारीख लिहावी. अशी दहा घरे झाली की हातात एक नकाशा तयार होतो, आणि तो अभियंत्याच्या नकाशाशेजारी ठेवता येतो. कार्यालयात बसून आखलेल्या रेघेला गल्लीत मोजलेल्या रेघेने दिलेले उत्तर बाजूला सारणे फार कठीण असते.

हरकतीचा मसुदा

हरकतीत भावनेला जागा आहे, पण आधी मागणी स्पष्ट हवी. ‘आमचा या प्रकल्पाला तीव्र विरोध आहे’ एवढे एकच वाक्य असलेल्या शंभर अर्जांपेक्षा नेमका बदल सुचवणारा एक अर्ज अधिक काम करतो, कारण पहिल्यावर ‘नोंद घेतली’ एवढेच लिहिता येते, तर दुसऱ्यावर मान्य किंवा अमान्य असे कारणासह लिहावे लागते. पुढील नमुना उपयोगी पडेल.

‘विषय : आमच्या प्रभागातील नाल्याच्या संरक्षक भिंतीच्या प्रस्तावित कामाबाबत हरकत व सूचना. महोदय, वरील कामाच्या आराखड्यात आमच्या गल्लीच्या मागील बाजूस नाल्याची रुंदी कमी दाखवलेली आहे. याच जागी पावसाळ्यात पाणी घरांच्या दुसऱ्या पायरीपर्यंत चढते. घर क्रमांकांची यादी, पाण्याच्या खुणांची मोजमापे आणि छायाचित्रे सोबत जोडली आहेत. आमची मागणी अशी की, या भागात नाल्याची सध्याची रुंदी कायम ठेवावी. ते शक्य नसल्यास त्याची तांत्रिक कारणे लेखी द्यावीत. आणि काम सुरू करण्यापूर्वी अभियंत्यांनी रहिवाशांसह जागेची संयुक्त पाहणी करावी. आम्हाला प्रत्यक्ष म्हणणे मांडण्याची संधी द्यावी, ही विनंती.’

खाली नाव, पत्ता, प्रभाग क्रमांक आणि सह्या. प्रत्येक पानाला क्रमांक द्यावा आणि जोडपत्रांची यादी करावी. टपाल विभागात देताना दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नये. साहेब नाहीत, उद्या या, असे सांगितले तर त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपून ठेवावी. सहीच्या गठ्ठ्यापेक्षा पोचेची ती एक प्रत पुढे अधिक कामाला येते.

सुनावणीच्या दिवशी

वेळेआधी अर्धा तास पोहोचावे आणि उपस्थितांच्या वहीत नाव लिहावे. वक्ते आधीच ठरलेले असावेत. प्रत्येकाने एकच मुद्दा घ्यावा, तीन मिनिटांत मांडावा, आणि बोलून झाल्यावर तोच मुद्दा लिहिलेला कागद अध्यक्षांच्या हाती द्यावा, म्हणजे इतिवृत्त लिहिणाऱ्याकडून तो सुटणार नाही. पहिल्या वक्त्याने नेत्याप्रमाणे भाषण करण्यापेक्षा ज्या घरात पाणी शिरते त्या घरातील व्यक्तीने आधी बोलावे. तांत्रिक मुद्दा गल्लीतील निवृत्त अभियंता किंवा शिक्षक यांनी मांडावा. कायद्याचा मुद्दा शेवटी यावा.

घोषणाबाजी करून सभा उधळणे किंवा सामूहिक बहिष्कार टाकणे याबद्दल मला स्पष्ट बोलले पाहिजे, कारण आपल्याकडे तो मोह फार होतो. पर्यावरणीय सुनावणीला गणपूर्तीची अट नाही; पाच माणसे आली तरी ती कायद्याने पूर्ण झाली असे मानले जाते. आपण बाहेर रस्त्यावर घोषणा देत राहिलो आणि आत कागद कोराच राहिला, तर पुढच्या प्रत्येक कार्यालयात ‘हरकत आली नाही’ असेच वाचले जाईल. निषेध करायचा असेल तर तो सभेत उभे राहून, कारणांसह, नोंदवून करावा. सूचना वेळेत दिली नव्हती, कागदपत्रे दाखवली नाहीत, मराठी सारांश मागूनही दिला नाही, असे दोष असतील तर तेही त्याच वेळी लेखी द्यावेत. नंतर न्यायालयात जायची वेळ आली तर याच नोंदी उभ्या राहतात.

पर्यावरणीय सुनावणीत शेवटी कामकाजाचा सारांश उपस्थितांना स्थानिक भाषेत समजावून वाचून दाखवावा लागतो. त्या वेळी बहुतेक लोक उठून गेलेले असतात. आपल्यातील किमान पाच जणांनी शेवटपर्यंत थांबावे, सारांशात आपला मुद्दा आला का ते ऐकावे आणि सुटला असेल तर तेथेच उभे राहून तो जोडायला लावावा. इतर बैठकांना असा नियम नसला तरी हीच विनंती करावी. ती बहुधा मान्य होते.

सुनावणी संपल्यानंतर

आठवडाभरात अध्यक्ष अधिकाऱ्यांना एक पत्र द्यावे, त्यात आपण मांडलेले मुद्दे क्रमाने लिहावेत आणि इतिवृत्ताची प्रत मागावी. इतिवृत्त मिळाल्यावर ते गल्लीत वाचून दाखवावे, कारण ज्यांनी धीर करून पहिल्यांदा माइक हातात घेतला, त्यांना आपले शब्द कागदावर उतरलेले दिसले पाहिजेत. निर्णय झाल्यावर, हरकती फेटाळल्या असतील तर कोणत्या कारणाने, हे माहिती अधिकारात विचारावे. उत्तर ३० दिवसांत आले नाही किंवा अपुरे आले तर पुढील ३० दिवसांत पहिले अपील, आणि तेथेही समाधान झाले नाही तर ९० दिवसांत माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते. कर्नाटक माहिती आयोगाचे पीठ बेळगावातही आहे. हरकत ऐकून न घेताच निर्णय झाला असेल, तर उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठापुढे दाद मागण्याचा मार्ग उरतो. त्यासाठी वकिलाचा सल्ला लवकर घ्यावा, आणि काम सुरू होण्याआधी घ्यावा. पूल उभा राहिल्यावर तो पाडण्याचा आदेश मिळणे दुरापास्त असते.

महापालिका आपल्या सूचनेनुसार आराखडा बदलते, तेव्हाही पाठपुरावा थांबवू नये. बदललेल्या आराखड्याची प्रत मागून घ्यावी, ठेकेदाराकडे तीच प्रत आहे का ते पाहावे, आणि नाल्याच्या भिंतीचा पाया खणला जात असताना गल्लीतील दोन माणसांनी टेप घेऊन तेथे उभे राहावे. मापे जुळली नाहीत तर त्याच दिवशी छायाचित्रासह अभियंत्यांना लेखी कळवावे आणि पत्राची पोच सुनावणीच्या फाइलमध्ये लावून ठेवावी.